मतासाठी घेतलेले पैसे आणि देवापुढे दिलेला शब्द

अंत्रूजकर (प्रश्न):
सर्वांना नमस्कार. मी गोव्यातील फोंडा तालुक्यातील मतदार आहे. निवडणुकीच्या आधीच्या रात्री आमच्या वाड्यावर पाकिटे फिरतात, हे आता कोणी लपवतही नाही. पाकीट देणारा माणूस पक्षाचा कार्यकर्ता म्हणून नव्हे, तर शेजारी किंवा नातलग म्हणून दारात येतो, घरात मते किती आहेत ते विचारतो आणि पुष्कळदा ग्रामदेवतेचे नाव घेऊन, नारळावर हात ठेवायला लावून शब्दही मागतो. आमच्या घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे, की तो पैसा वाटणाऱ्याच्या घामाचा नसतो, तेव्हा तो घ्यावा आणि मत आपल्याला पटेल त्याला द्यावे. मात्र एकदा देवाचे नाव घेतले, की त्याच वडीलधाऱ्यांचे बोट यंत्रावर दुसऱ्या चिन्हाकडे जात नाही. पैसे घेऊन मत स्वतःच्या विचाराने देणे नीतीला धरून आहे का, आणि असा शब्द पाळण्याचे बंधन कितपत मानावे? कायदा काय सांगतो तेही कळावे, पण मला मुख्यतः योग्य-अयोग्याविषयी विचारायचे आहे.

म्हापशाचा वकील:
कायद्यापुरते सांगतो. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम 123 मतदाराला लाच देणे हा भ्रष्ट आचार मानते आणि तो न्यायालयात सिद्ध झाल्यास निवडून आलेल्याची निवड रद्द होऊ शकते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 170 नुसार देणारा आणि घेणारा असे दोघेही गुन्हेगार ठरतात. कलम 173 मध्ये एक वर्षापर्यंतचा कारावास, दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. जेवणावळी आणि दारूच्या रूपातील लाचेला मात्र केवळ दंड आहे. आपल्या वडीलधाऱ्यांच्या युक्तिवादाला याच कलम 170 मध्ये थेट उत्तर आहे: जे करण्याचा आपला विचारच नाही त्यासाठी पैसे घेतले, तरी ती लाचच समजली जाते. शब्दाचे म्हणाल, तर 1872 च्या करार कायद्यानुसार बेकायदेशीर हेतूसाठी केलेला करार मुळातच रद्दबातल असतो.

भतग्रामकर:
मी डिचोलीचा निवृत्त शिक्षक असून निवडणुकीच्या कामावर मतदान केंद्रांत बसलेलो आहे. वकीलबाबांनी कायदा नेमका सांगितला आहे, तरी अंत्रूजकरांचा प्रश्न त्याच्या पलीकडचा आहे आणि त्याला टाळून चालणार नाही.

मत ही आपल्या मालकीची वस्तू आहे, या समजुतीतून सारा घोटाळा सुरू होतो. आपल्या कोमुनिदादीत, म्हणजे गावची जमीन सामाईक सांभाळणाऱ्या जुन्या ग्रामसंस्थेत, गावकाराला म्हणजे तिच्या सभासदाला जोण मिळे, म्हणजे उत्पन्नातील वाटा मिळे. पण म्हणून गावची जमीन त्याला एकट्याला विकता येत नसे, कारण ती साऱ्या गावाची होती. मताचेही तसेच आहे. ते माझ्या हाती दिलेले असले, तरी त्यातून जो आमदार निवडला जातो, तो मला न विचारता माझ्या शेजाऱ्यावरही पाच वर्षे राज्य करतो. महाराष्ट्रात विलीन व्हावे की वेगळे राहावे, यावर 16 जानेवारी 1967 रोजी गोव्याने जनमत कौल दिला, तेव्हा फूल (विलीनीकरण) आणि दोन पाने (वेगळे राहणे) या दोन चिन्हांवरून एकाच घरातील भावंडे एकमेकांशी बोलेनाशी झाली होती. विलीनीकरणाच्या बाजूने 1,38,170 आणि विरोधात 1,72,191 मते पडली. त्या निकालाविषयी आजही आपल्यात मतभेद आहेत, परंतु आपल्या एका मताने गोव्याचे भवितव्य ठरते, ही जाणीव त्या कडाक्याच्या भांडणामागे होती.

आता शपथेकडे येतो. देवाला साक्ष ठेवून चोरीचा शब्द दिला, तर चोरी करणे हे धर्माचे पालन होत नाही. ज्याने देवाचे नाव घ्यायला लावले, त्याने देवालाच या व्यवहारातला जामीनदार केले आहे, आणि माझ्या मते पैसे वाटण्यापेक्षाही ते मोठे पाप आहे. असा शब्द मोडण्यात दोष नाही. मात्र शब्द मोडून पैसे ठेवून घेणे मला पटत नाही. पैसे परत गेले, की मन खऱ्या अर्थाने मोकळे होते.

सत्तरीची लेक:
सर, आपले विचार मला मान्य आहेत, पण पैसे परत करणे किती जणांना परवडते, याचा विचार व्हायला हवा. आमच्या भागात 2012 मध्ये खाणी थांबल्या, नंतर काही सुरू झाल्या आणि मार्च 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे पुन्हा बंद पडल्या. खाणीवर चालणाऱ्या ट्रकाचे हप्ते थकलेल्या घरात पाकीट येते, तेव्हा नीतीची चर्चा करायला वेळ कोणाला असतो? घेणारी बाई आणि लाखो रुपये वाटणारा उमेदवार यांना एकाच तागडीत घालू नये, एवढीच माझी विनंती आहे.

दुसरी गोष्ट भीतीची आहे. मत गुप्त असते हे खरे, पण मतमोजणी केंद्रवार होते आणि प्रत्येक केंद्राचे आकडे जाहीर होतात. वाड्यावर आठशे मतदार असतील, तर कोणी शब्द फिरवला याचा अंदाज दुसऱ्याच दिवशी बांधला जातो, आणि मग नळाच्या जोडणीपासून सरकारी नोकरीच्या अर्जापर्यंत सगळीकडे ते जाणवते. अनेक केंद्रांची मते एकत्र मोजणारे यंत्र वापरावे, असा प्रस्ताव निवडणूक आयोगाने 2008 मध्ये मांडला होता. तो अमलात आला असता, तर शपथेची ही दहशत बरीच कमी झाली असती.

तरीही पाकीट घेऊ नये असे मला वाटते, आणि त्याचे कारण अनुभवाचे आहे. पावसाळ्यात रस्ता वाहून गेल्यावर आम्ही दाद मागायला गेलो, तेव्हा "तुमचा हिशेब मागेच चुकता केला आहे" असे उत्तर ऐकावे लागले. ते ऐकल्यावर आमच्यापैकी कोणालाही तोंड उघडता आले नाही.

पणजीहून:
आपल्याकडे हा व्यवहार इतका का फोफावतो, याचे एक कारण मतदारसंघांचा आकार हे आहे. गोवा विधानसभेच्या चाळीस मतदारसंघांत सरासरी तीस हजारांच्या आत मतदार आहेत आणि 2022 मध्ये सांत आंद्रेचा निकाल केवळ 76 मतांनी लागला. अशा ठिकाणी दोन वाडे विकत घेता आले, तरी निकाल फिरतो.

शपथेचा विषय निघाला म्हणून आठवण करून देतो, की त्याच निवडणुकीपूर्वी काँग्रेसच्या उमेदवारांना देऊळ, चर्च आणि दर्ग्यात नेऊन पक्षनिष्ठेची शपथ देण्यात आली होती, कारण जुलै 2019 मध्ये पक्षाच्या पंधरापैकी दहा आमदार भाजपमध्ये गेले होते. तरीही सप्टेंबर 2022 मध्ये नव्याने निवडून आलेल्या अकरापैकी आठ आमदार भाजपमध्ये गेलेच. त्यामागे पैसा होता असा माझा आरोप नाही. परंतु आमदाराचा शब्द असा फिरताना पाहिल्यावर मतदाराला स्वतःचा शब्द आणि स्वतःचे मत दोन्ही स्वस्त वाटू लागतात. सभागृहातील मतासाठी लाच घेणाऱ्या आमदार-खासदारांना घटनेचे संरक्षण नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी 4 मार्च 2024 रोजी स्पष्ट केले आहे. जो नियम त्यांना, तोच आपण स्वतःला लावावा.

अंत्रूजकर:
सर्वांचा आभारी आहे. घेऊ नये हे आता पटले आहे, पण पाकीट घेऊन येणारा सख्खा चुलतभाऊ असेल, तर नकार कसा द्यावा?

सत्तरीची लेक:
दादा, आमच्या घरी आईने हे निवडणूक जाहीर होण्यापूर्वीच सर्व नातलगांना सांगून ठेवले, की या घरात मतासाठी कोणाकडूनच काही घ्यायचे नाही असे ठरले आहे. सर्वांनाच नकार असल्यामुळे कोणा एकाला अपमान वाटला नाही. एक मामा वर्षभर रागावले होते. नंतर गणेशचतुर्थीला आले.