विषय: हॉलच्या दारातले पितळी दगड, ९ नोव्हेंबर आणि रांगोळी

प्रेषक: मेधा

नमस्कार मंडळी,

दिवाळी मेळाव्याच्या फराळाची यादी वेगळ्या मेलमध्ये आली आहे. चकल्या कोण करणार हा वाद कृपया तिथेच मिटवा. हा मेल दुसऱ्या कामासाठी आहे.

फ्रांकफुर्टच्या ओस्टएंड भागातल्या आपल्या हॉलच्या दाराबाहेर, डाव्या हाताला, फुटपाथमध्ये तीन छोटे पितळी चौकोन बसवलेले आहेत. गेल्या दिवाळीत आपण त्यांच्यावर चपलांचं स्टँड ठेवलं होतं. ठेवणाऱ्यांत मीही होते. रात्री आवराआवर करताना स्टँड उचललं आणि वाकून वाचलं. आई, वडील, मुलगी. तिघांच्याही खाली त्यांना नेल्याचं वर्ष १९४१ आणि गाव लॉज, म्हणजे पोलंडमधलं वूच. मुलगी तेव्हा सात वर्षांची होती.

यांना इथे श्टोल्परश्टाइन म्हणतात, म्हणजे अडखळायचे दगड; नाझींनी छळलेल्या, मारलेल्या माणसांच्या आठवणीचे. गुंटर डेमनिग नावाच्या कलाकाराने पहिला दगड १९९२ मध्ये कोलोनला बसवला, आणि २०२३ मध्ये न्यूरेंबर्गला एक लाखावा. दहा बाय दहा सेंटिमीटरचा पितळी पत्रा, त्यावर एकेक अक्षर हाताने ठोकलेलं. सुरुवात बहुतेक वेळा ‘इथे राहत होते’ अशी. माणूस स्वतःच्या मर्जीने जिथे शेवटचा राहिला, त्या दारासमोर तो बसवतात.

१९३८ च्या ९ नोव्हेंबरच्या रात्री नाझींनी जर्मनीभर सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं, जाळली, ज्यूंची दुकानं फोडली. त्या तारखेला लोक हे दगड पुसतात आणि शेजारी मेणबत्ती लावतात. यंदा ९ तारीख सोमवारी आहे, आपला मेळावा आदल्या शनिवारी. संध्याकाळी अर्धा तास आपणही जाऊ या का? त्या आठवड्यात आपल्या सगळ्यांच्या समया घासायला निघणारच आहेत, हात चालता असेल.

आणि एक प्रश्न. दारातल्या रांगोळीत दरवर्षी स्वस्तिक असतं. ते या दगडांपासून दोन हातांवर येतं. काय करायचं?

मेधा

----

प्रेषक: सुधाकर

मेधा आणि सर्व मंडळी,

चपलांचं ऐकून वाईट वाटलं. स्टँड आत घ्या, त्याबद्दल दुमत नाही.

पण मंडळाच्या नावाने जायला माझा विरोध आहे. मी १९७४ पासून या देशात आहे. हा जर्मन लोकांचा हिशेब आहे, त्यांचा त्यांना फेडू द्या. आपण दिवाळी, गणपती आणि मुलांची मराठी शाळा सांभाळावी. आज ९ नोव्हेंबर केलात की उद्या कोणी गाझाबद्दल विचारेल, परवा काश्मीरबद्दल. मग ही लिस्ट चालवायची कोणी?

शिवाय आपल्या लोकांनी ज्यूंना कधी त्रास दिलेला नाही. उलट कोल्हापूरजवळ वळिवड्याला युद्धात पाच हजार पोलिश निर्वासित सांभाळले. आपल्याला कोणी काय शिकवायचं?

स्वस्तिक हजारो वर्षांचं आहे. ते पुसायचं नाही.

सुधाकर

----

प्रेषक: अनिकेत

काका, नमस्कार.

वळिवड्याचा अभिमान मलाही आहे, पण ते बहुतेक कॅथलिक पोलिश होते, स्टालिनने सैबेरियाकडे हाकललेले, आणि त्यात बायकामुलंच जास्त. ती गोष्ट मोठी आहे, फक्त वेगळी आहे.

‘त्यांचा हिशेब’ यावर माझं थोडं. मी गेल्या वर्षी नागरिकत्वाची परीक्षा दिली. ३३ प्रश्न असतात, १७ बरोबर आले की पास. मी ट्रेनमध्ये ॲपवर सगळे प्रश्न घोकले. ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला काय म्हणतात? सिनेगॉग. मक्काबी या ज्यू क्रीडा क्लबांत सभासद कोण होऊ शकतं? कोणीही. ३३ पैकी ३३! घरी पेढे वाटले. जून २०२४ पासूनच्या कायद्यात तर लिहूनच द्यावं लागतं की नाझी राजवटीमुळे या देशावर आलेली खास ऐतिहासिक जबाबदारी, विशेषतः ज्यू जीवनाचं रक्षण, मला मान्य आहे. मी सही केली. तेव्हा तो हिशेब आता माझ्याही वहीत आहे, काका.

आता खरं सांगतो. सही केली त्या आठवड्यात मला एकाही ज्यू माणसाची ओळख नव्हती. माझं कंत्राट युरोपियन सेंट्रल बँकेत आहे, म्हणजे रोज ज्या जुन्या भाजी मंडईच्या इमारतीवरून मी आत जातो, ती ग्रोसमार्कटहाले. १९ ऑक्टोबर १९४१ ला, रविवारी, भर दिवसा, अकराशेवर माणसांना वेस्टएंडमधल्या घरांतून काढून शहरातून चालवत या मंडईच्या तळघरात आणलं, आणि मग गाडीत भरून लॉजला. १९४५ पर्यंत तिथून नेलेले एकूण सुमारे दहा हजार. गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, तळघर रीतसर वापरायला घेतलं होतं आणि वर भाजीचा बाजार चालू होता. कोबी, बटाटे, पावत्या, सगळं नेहमीसारखं. २०१५ पासून तिथे स्मारक आहे, ज्यांना नेलं आणि ज्यांनी पाहिलं त्यांची वाक्यं उताराच्या भिंतींवर कोरलेली आहेत. मी दोन वर्षं त्याच्या बाजूने कॉफी घेऊन गेलो आणि मला वाटायचं, बँकेचं काहीतरी मॉडर्न आर्ट असेल.

बँकेच्या रस्त्याचं नाव सोनेमान. लिओपोल्ड सोनेमान, फ्रांकफुर्टर त्साइटुंग या वृत्तपत्राचे संस्थापक, ज्यू. पत्ता म्हणून हे नाव मी शेकडो वेळा लिहिलंय.

परीक्षेवर टीका नाही. पण तिने मला उत्तरं शिकवली.

सोमवारी मी येतो.

अनिकेत

----

प्रेषक: प्राजक्ता

नमस्कार,

हे लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

माझा मुलगा नववीत आहे. गेल्या वर्षी इतिहासाच्या तासाला तो बोलून गेला की हिटलर वाईट होता, पण देशाला शिस्त लावली. शाळेतून फोन आला. मी ऑफिसातून निघाले तेव्हा पाय कापत होते. नाव निघणार, पोलीस येणार, व्हिसा जाणार, काय काय डोक्यात आलं.

त्याने हे कुठून आणलं ते मला लगेच कळलं. दर उन्हाळ्यात तो पुण्याला असतो. माझ्या वडिलांच्या कपाटात हिटलरचं ‘माझा लढा’ आहे, शिवचरित्र आणि ज्ञानेश्वरीच्या शेजारी. घरात कोणी तो द्वेषाने वाचलेला नाही, बहुधा पूर्ण कोणीच वाचलेला नाही. आमच्याकडे कडक मास्तर म्हणजे हिटलर, सासू म्हणजे हिटलर, हाउसिंग सोसायटीचा सेक्रेटरी म्हणजे हिटलर. २००६ मध्ये खारघरला ‘हिटलर्स क्रॉस’ नावाचं रेस्टॉरंट निघालं होतं, आठवतंय? मुंबईतल्या ज्यू समाजाने आक्षेप घेतला तेव्हा नाव बदललं. सुधाकरकाका, आपण त्रास दिला नाही हे खरं. पण आपल्याला तो कोण होता हे माहीतच नाही, आणि ते माहीत नसणं मी सूटकेसमधून इथे आणलं.

शाळेतल्या बाई रागावल्या नाहीत. त्यांनी मारलेल्या साठ लाख ज्यूंचा आकडाही सांगितला नाही, तो तर त्याला पाठ होता. त्यांनी त्याला आरोल्झेन आर्काइव्हजचं काम दिलं. हे दप्तर आपल्याच हेसेन राज्यात, बाड आरोल्झेन गावात आहे. छळछावण्यांतले, वेठबिगारीला नेलेले, युद्धानंतर हरवलेले अशा सुमारे पावणेदोन कोटी लोकांचे कागद तिथे आहेत. ते स्कॅन करून इंटरनेटवर ठेवतात आणि जगभरातले लोक घरबसल्या कार्डावरची नावं वाचून टाइप करतात, म्हणजे ती शोधता येतात. एकच कार्ड वेगवेगळ्या लोकांकडून टाइप करून घेतात आणि ताडून बघतात.

वीस कार्डं करायची होती. मुलगा पहिल्या दिवशी कुरकुरत बसला. वळणदार जुनं हस्ताक्षर, वाचायला येईना. मी शेजारी भाजी निवडत होते. नाव, जन्मतारीख, जन्मगाव, व्यवसाय. मध्येच म्हणाला, “आई, शुस्टर म्हणजे चांभार ना? आणि याचा व्यवसाय नुसता ‘विद्यार्थी’ लिहिलाय.” मग म्हणाला, “याच्यावर कैदी नंबरही आहे, तो टाकायचा का?” त्या दिवशी जेवताना तो काही बोलला नाही. मीही काही समजावलं नाही. वीसच्या पुढे किती केली मला माहीत नाही, आता पुण्यातल्या आजोबांना व्हिडिओ कॉलवर शिकवतो. आजोबांना जर्मन येत नाही, पण तारखा लिहिता येतात.

पुस्तक कपाटातच आहे. वडिलांनी ते ज्ञानेश्वरीपासून हलवलं, एवढं या उन्हाळ्यात दिसलं.

रांगोळीबद्दल: इथे कायदा नाझींच्या चिन्हाला बंदी घालतो, आपल्या देवघरातल्या स्वस्तिकाला नाही. २००७ मध्ये जर्मनीने सबंध युरोपात बंदी आणायचं काढलं होतं, ब्रिटनमधल्या हिंदू संघटनांनी विरोध केल्यावर ते मागे पडलं. जर्मन माणूस त्यांच्या चिन्हाला हाकेनक्रॉइत्स म्हणतो, म्हणजे हुकांचा क्रूस. पण हॉलसमोरून जाणाऱ्या आजीबाईंना मी हा फरक रांगोळीची वाटी हातात धरून समजावू शकणार नाही. माझं मत: स्वस्तिक आत, लक्ष्मीपुढे. दारात गोपद्मं आणि कमळ.

प्राजक्ता

----

प्रेषक: सुधाकर

प्राजक्ता, मेल वाचला. माझ्याही कपाटात ते पुस्तक आहे. अप्पा बळवंत चौकात घेतलं होतं, कॉलेजात असताना.

मंडळाच्या नावाबद्दलचं मत मी बदललेलं नाही. हवं तर वैयक्तिक जा.

आणि मला एक खटकतं. आपल्याकडे कागदाला पाय लागला तरी आपण नमस्कार करतो. इथे मेलेल्या माणसांची नावं पायाखाली घालायची, ही कसली आठवण?

सुधाकर

----

प्रेषक: शोशना

नमस्कार सुधाकरकाका आणि सगळे,

मी लिस्टवर फारशी बोलत नाही. पुरणपोळीला येते, एवढीच माझी ओळख बऱ्याच जणांना असेल. माझी आजी अलिबागच्या इस्रायल आळीतली, म्हणजे आम्ही कोकणातले ज्यू. आमचं आडनावही ‘कर’वर संपतं, म्हणून कोणी कधी विचारलं नाही. गावात आम्हाला शनवार तेली म्हणायचे, कारण शनिवारी घाणा बंद.

काका, पायाखालच्या नावांचा मुद्दा तुमचा एकट्याचा नाही. म्युनिकमध्ये याच कारणावरून ज्यू समाजाच्या प्रमुख शार्लोटे क्नोब्लोख यांनी विरोध केला, आणि शहराने सार्वजनिक रस्त्यावर हे दगड बसवू दिले नाहीत. तिथे २०१८ पासून भिंतीवर पाट्या आणि खांब लावतात, डोळ्यांच्या उंचीवर. डेमनिगचं म्हणणं वेगळं: वाचायला वाकावं लागतं, म्हणजे नमस्कार होतोच. मला स्वतःला अजून ठरवता आलेलं नाही. माझी नजर चालताना कायम खाली असते, एवढं झालंय.

‘आपण त्रास दिला नाही’ हेही खरं आहे. आजीला अलिबागच्या सिनेगॉगबाहेर कधी पोलीस दिसला नाही. मी इथे वेस्टएंडच्या सिनेगॉगमध्ये जाते तेव्हा बाहेर पोलीस असतात. २०१९ मध्ये हाले शहरात योम किप्पुर या ज्यूंच्या सर्वात पवित्र दिवशी हल्लेखोराला सिनेगॉगचं दार फोडता आलं नाही म्हणून आतले वाचले, बाहेर दोघं गेले. आणि २००८ मध्ये कुलाब्याला नरिमन हाउस या ज्यू केंद्रात जे झालं ते पाकिस्तानातून आलेल्यांनी केलं, पण झालं आपल्याच मुंबईत.

गाझाबद्दल कोणी विचारलं तर विचारू दे. माझ्या घरातही त्यावर भांडण होतं, टेबलावर ताटं तशीच राहतात. पण तिथलं सरकार काय करतं याचा जाब ओस्टएंडच्या सात वर्षांच्या मुलीच्या दगडापाशी मागायचा नाही, आणि माझ्यापाशीही नाही. गेल्या दोन वर्षांत मला तो ऑफिसच्या कँटीनमध्ये मागितला गेला. मी जन्माने ठाणेकर आहे.

मंडळाचं नाव नको तर नको. मला ते बॅनरवर हवं असं नाही.

शोशना

----

प्रेषक: मेधा

सर्वांना,

कमिटीत बोलणं झालं. मंडळाच्या नावाने नाही, ज्यांना यायचं त्यांनी यायचं. सोमवारी संध्याकाळी सहा. आत्तापर्यंत नऊ जण आहेत, त्यात तीन मुलं. स्वस्तिक आत, यावर सुधाकरकाकांनी हरकत घेतली आहे आणि ती इतिवृत्तात नोंदवली आहे. चपलांचं स्टँड या वर्षीपासून जिन्याखाली.

घासायला तारेची घासणी आणू नका, अक्षरं झिजतात. मऊ स्पंज, पितळेचं पॉलिश, पाण्याची बाटली आणि जुनी सुती फडकी. चिंच कोणी आणत असेल तर नको, फुटपाथवर डाग राहील. पितांबरी चालेल का, कोणाला अनुभव?

मेळाव्याच्या तोरणातला झेंडू उरतो दरवर्षी. तो नेऊ का? शोशना, तुझ्याकडे काय पद्धत आहे?

मेधा

----

प्रेषक: शोशना

मेधा, आमच्यात कबरीवर खडे ठेवतात, फुलं नाही. न्यूअर ब्योर्नेप्लात्सला जुन्या दफनभूमीच्या भिंतीवर शहरातल्या अकरा हजारांवर लोकांच्या नावांचे छोटे ठोकळे आहेत, त्यांच्यावरही लोक खडे ठेवून जातात. पण फुटपाथवर खडे ठेवले तर कोणीतरी खरंच अडखळून पडेल. इथे लोक गुलाब ठेवतात, मग झेंडूला काय हरकत.

पितांबरी माझ्याकडे अर्धा डबा आहे, आधी घरच्या तांब्यावर घासून बघते. पणत्या आणणार असाल तर काचेच्या आणा, त्या कोपऱ्यावर फार वारा असतो.

शोशना