भूमी अभिलेखची प्रगती वाचली, पण आमचा ७/१२ आणि आकारबंद जुळत नाही त्याचं काय?

होटगीरोडवाला
नमस्कार मंडळी. गावाच्या ग्रुपवर कुणीतरी भूमी अभिलेख खात्यानं वर्षभरात काय काय केलं त्याचा भला मोठा मेसेज टाकलाय, डिजिटल सातबारा, ई-मोजणी, ड्रोन, भू-आधार, सगळं आहे त्यात. चांगलंच आहे, नाही म्हणत नाही, घरबसल्या १५ रुपयात सहीचा उतारा निघतो हे आमच्या वडलांना अजून खरं वाटत नाही. पण आमचं दुखणं वेगळंय. ७/१२ वर क्षेत्र १ हेक्टर ९२ आर आणि आकारबंदाला (मोजणी खात्याचं क्षेत्र-आकारणीचं रजिस्टर) १ हेक्टर ८४. वडील म्हणतात पूर्वीपासनं तसंच आहे, राहू दे की. आता चुलत्यांबरोबर वाटणी करायचीय म्हणून मी काळजीत आहे. एवढं सगळं ऑनलाइन झालं तर हे आपोआप नीट व्हायला नको होतं का? आणि पुढं खातं करणार काय नेमकं?

साखळीवाला (रिटायर्ड भूकरमापक)
मालक, आपोआप काही होत नसतं. ७/१२ तलाठ्याकडचा, म्हणजे आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं त्यांना, आणि नकाशा, टिपण (मूळ मोजणीचं कच्चं रेखाटन), फाळणी (पोटहिश्शांचा नकाशा), आकारबंद हे आमच्या भूमी अभिलेख खात्याकडचं. दोन घरं वेगळी, दोन्हीकडचे कागद वेगवेगळ्या काळात कॉम्प्युटरवर चढले, आणि जे कागदावर होतं तेच चढलं. चुकीचं क्षेत्र डिजिटल सहीनं आलं म्हणून बरोबर होत नाही, फक्त छापील दिसतं.

आता चूक कुठं झाली असेल ते सांगतो. आपल्याकडची मोजणी लई जुनी, गोल्डस्मिड आणि विंगेट साहेबांनी १८३५-३६ च्या सुमाराला आपल्या सोलापूरशेजारच्या इंदापुरातनं सुरुवात केली तिथनं ती पद्धत सगळ्या मुंबई इलाख्यात गेली. ३३ फुटाची साखळी, ३३ बाय ३३ म्हणजे गुंठा, १०८९ चौरस फूट, असे ४० गुंठे म्हणजे एकर. पुढं एकर-गुंठ्याचं हेक्टर-आर केलं, तिथं आकडे इकडंतिकडं झाले. मग १९४७ च्या कायद्यानं जमिनीच्या तुकड्यांचं एकत्रीकरण आलं, सर्व्हे नंबरचे गट झाले, तिथं तर काही गावात जमीन एकाच्या ताब्यात आणि गट दुसऱ्याच्या नावावर असले प्रकार. वर पोटहिस्से पडले ते नुसते ७/१२ वर, नकाशात रेघ कुणी मारलीच नाही.

तुम्ही आधी एक बघा, पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जागा, किती लिहिलाय? कितीतरी वेळा एका ठिकाणी तो धरलेला असतो आणि दुसरीकडं नाही.

बार्शीकर_पाटील
वडलांचं ऐकून राहू देऊ नका भाऊ. सुरत-चेन्नई हायवेची मोजणी निघाली तेव्हा बार्शी, दक्षिण सोलापूर, अक्कलकोट पट्ट्यात लोकांना पहिल्यांदा कळलं की आपला बांध नकाशात कुठं आहे. भूसंपादनात पैसे जागेवर संयुक्त मोजणीत जेवढं क्षेत्र निघतं त्याच्यावर असतात, ७/१२ वर ८ आर जास्त लिहिलंय म्हणून ते कुणी देत नाही. आणि भावकीत तक्रार लागली की मग बसा.

रोव्हरताई
मी मॅपिंगच्या लाइनमध्ये काम करते म्हणून पुढचं काय ते लिहिते. वर्षभराच्या प्रगतीत बहुतेक आकडे "किती" चे असतात, किती उतारे दिले, किती पानं स्कॅन केली. जमिनीच्या नोंदी कॉम्प्युटरवर आणायची केंद्राची योजना २००८ पासनं चालूय (आधी एनएलआरएमपी, २०१६ पासनं डीआयएलआरएमपी) आणि त्यातला सोपा भाग, म्हणजे अक्षरं टाइप करणं, बराचसा झाला. अवघड भाग नकाशाचा. जुना नकाशा स्कॅन केला तरी तो जमिनीवर कुठं बसतो हे कळायला त्याला अक्षांश-रेखांश लावावे लागतात. कोर्स स्टेशनं (उपग्रहाच्या सिग्नलवर चालणारी कायमची ठाणी) आहेत आता, त्यांच्या आधारानं रोव्हर (हातात धरून जागा मोजायचं यंत्र) चालवला की सेंटिमीटरपर्यंत जागा मिळते, पण साखळीनं मोजलेला नकाशा त्याच्यावर टाकला की बांध सरकलेले दिसतात. मग खरं काय धरायचं, नकाशा का ताबा? हे मशीन ठरवू शकत नाही, त्याला माणसंच एकत्र बसवावी लागतात आणि त्याला लागणारा वेळ कुणीच मोजत नाही.

भू-आधारचा, म्हणजे प्रत्येक प्लॉटच्या ओळखीचा १४ अंकी नंबर पण याच पायावर उभाय, प्लॉटची जागा पक्की नसेल तर नंबर देऊन काय करणार.

ड्रोनचं म्हणाल तर स्वामित्व योजना (एप्रिल २०२०) ही गावठाणाची, घरांच्या मिळकत पत्रिकेसाठी (घर-जागेचा उतारा), तुमच्या शेताचा त्याच्याशी संबंध नाही. शहरांसाठी फेब्रुवारी २०२५ मध्ये नक्शा नावाची मोजणी योजना सुरू झाली, देशातल्या १५२ शहरात. शेतजमिनीची सगळी फेरमोजणी हे त्याहून कितीतरी मोठं काम आहे.

अजून एक, ७/१२ हा मालकीचा शेवटचा पुरावा नाही. महसूल संहितेचं कलम १५७ म्हणतं की नोंद खरी मानायची, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. सरकारनं हमी दिलेली मालकी हवी असेल तर आधी नकाशा आणि नोंद एक व्हायला पाहिजे.

मोहोळचा_गण्या
ड्रोन आमच्या गावठाणावरनं फिरलं तेव्हा अर्धा गाव हद्द दाखवायला मारलेल्या चुन्याच्या रेघेवरनं भांडत होता, ती रेघ एका रात्रीत दोनदा सरकली 😂

होटगीरोडवाला
@साखळीवाला पोटखराब्यात ५ आर आहेत. म्हणजे तेवढा हिशोब लागला तरी ३ आर उरतातच. आता कुठं जायचं? एकजण म्हणतो तहसीलला, एकजण म्हणतो मोजणी मागवा.

साखळीवाला (रिटायर्ड भूकरमापक)
मोजणी लगेच मागवू नका. आता मोजणीचे साधी-तातडी-अतितातडी हे प्रकार गेले, नियमित आणि द्रुतगती असे दोनच प्रकार राहिलेत, पण मोजणीदार शेवटी आकारबंद आणि नकाशाच बघणार, तिथंच घोळ असेल तर "क" प्रतीवर (मोजणीनंतर मिळणारा नकाशा) शेरा येऊन तुम्ही परत पहिल्या पायरीवर.

आधी कागद गोळा करा. कॉम्प्युटरच्या आधीचे हातानं लिहिलेले ७/१२, फेरफार, आणि भूमी अभिलेखमधनं गटवारीचा (सर्व्हे नंबरचे गट कसे झाले त्याचा) उतारा, आकारबंद, फाळणी. स्कॅन झालेलं "आपले अभिलेख" साइटवर गाव टाकून सापडतं का बघा, नाहीतर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज. जुन्या हस्तलिखितात १.८४ आणि पुढं १.९२ झालं असेल तर ती लेखनाची चूक, महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडं दुरुस्ती, ई-हक्क या ऑनलाइन पोर्टलवर अर्ज होतो. गटवारीतच घोळ असेल तर १९४७ च्या कायद्याचं कलम ३२, ते प्रकरण आमच्या खात्याकडं, आणि हायकोर्टानं अशी दुरुस्ती वाजवी मुदतीतच मागायला पाहिजे असा मुद्दा धरलेला असल्यानं तिथं वकील लागेल.

चुलत्यांना पण अर्जात घ्या, नंतर हरकत आली तर सगळं परत करायला लागतं. आणि ३ आर कमी निघाले तर कुणाच्या हिश्श्यातनं जाणार ते कागद यायच्या आधीच बसून बोला.

होटगीरोडवाला
शेवटचं तेच अवघड आहे ओ. अर्ज टाकतो, नकला आल्या की इथंच फोटो डकवतो, नावं झाकून.