नवरा हातातून चाललाय, प्रार्थनेत आता काय मागू तेच कळत नाहीये

मिरजेची_लेक:
नमस्कार सगळ्यांना, माझं माहेर मिरज, सासर गोव्यातलं कुडतरी, लग्नाला १६ वर्षं झाली. माझे मिस्टर शिपवर होते, म्हणजे या १६ वर्षांतली निम्मी तर बोटीवरच गेली, आणि आता कुठे कायमचं घरी यायचं ठरत होतं तर जानेवारीत पोटात दुखतंय म्हणून दाखवलं आणि पॅन्क्रियाजचा कॅन्सर निघाला, लिव्हरपर्यंत गेलेला. केमो झाली, शरीराला झेपली नाही. गेल्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले आता थांबूया, दुखणं कमी कसं राहील तेवढं बघूया.

मी लहानपणापासून चर्चमध्ये वाढलेली, माझे पप्पा रोज पहाटे बायबल वाचायचे. इथे सासरी सगळे कॅथलिक, रोज संध्याकाळी ८ ला घरात तेर्स (जपमाळेची प्रार्थना), माय म्हणजे माझ्या सासूबाई, ती कोंकणीतून सांगते आणि मी मागोमाग म्हणते. ते बोटीवर असायचे तेव्हा घड्याळं जुळवून तेही त्याच वेळेला म्हणायचे. आता ते शेजारच्या खोलीत पडलेले असतात आणि माझ्या तोंडातून शब्दच फुटत नाही. बरं कर म्हणू तर खोटं वाटतं. घेऊन जा म्हणू तर मी कसली बायको.

प्रेयर ग्रुपमधल्या आंटी येतात आणि म्हणतात विश्वास धर, निगेटिव्ह बोलू नको, केमो थांबवली म्हणजे तूच हार मानलीस. त्या प्रेमानेच बोलतात पण त्या गेल्या की मी बाथरूममध्ये जाऊन रडते. एकीने सांगितलं, असं समज की तो बोटीवर गेलाय. अहो पण बोटीला साइन-ऑफची, म्हणजे उतरून घरी यायची, तारीख असते ना!! मी कॅलेंडरवर खुणा करत दिवस काढलेत.

फादरना बोलवावं असं मला वाटतं पण माय म्हणते नको, पाद्रीबाबाला बघून तो घाबरेल, सगळं संपलं असं त्याला वाटेल. मुलगी दहावीत, मुलगा सहावीत. ज्यांच्यावर ही वेळ आली त्यांनी सांगा, बळ कुठून आणलंत? केमो थांबवणं खरंच पाप आहे का?

सावंतवाडीची_बाय:
बाय, आधी जेवलीस का ते सांग. खरंच विचारतेय.

माझे हे जाऊन ४ वर्षं झाली, किडनी. तुझ्यासारखंच माझंही तोंड बंद पडलं होतं. त्याच आठवड्यात आमच्या वाड्यावर सायबिणीची भोंवडी (मारियेची मूर्ती घरोघर नेतात ती) चालू होती आणि मूर्ती आमच्या घरी यायचा दिवस आला, मी म्हटलं आम्हाला वगळा, माझ्याकडून काही होणार नाही. पण शेजारी ऐकेनात, त्यांनीच फुलं आणली, मेणबत्त्या आणल्या, चणे उकडून आणले, बाल्कांवभर (ओसरीभर) माणसं बसली आणि तेर्स सुरू झाली. मी भिंतीला टेकून नुसती बसले. एक शब्द म्हटला नाही. सगळे म्हणत होते आणि आतल्या खोलीत ह्यांना ऐकू जात होतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की माझी प्रार्थना दुसरं कोणीतरी उचलून नेतंय, मला एकटीला ओढायची नाहीये. तू बळ कुठून आणलं विचारतेस ना, मी नाही गं आणलं कुठून, ते लोकांनी घरी आणून दिलं.

आणि देवाकडे काय मागायचं म्हणतेस तर येशूनेच क्रुसावर जायच्या आदल्या रात्री गेथशेमानी बागेत काय मागितलं ते बघ. हा प्याला माझ्यापासून दूर कर असंच मागितलं ना त्याने? मग पुढे तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे म्हणाला, पण आधी मागितलं, लपवलं नाही. मेलेल्या मित्राच्या, लाजराच्या कबरेपाशी येशूला माहीत होतं की आपण याला उठवणार आहोत तरी तो रडला. आणि तुझ्या पप्पांच्या बायबलमधलं स्तोत्र ८८ काढ, ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत अंधारातच आहे, शेवटी सगळं छान झालं असं त्यात कुठे येतच नाही, तरीही ते बायबलमध्ये आहे. म्हणजे असं बोललेलं देवाला चालतं. मी ते वर्षभर वाचलं.

पॅलिएटिव्ह_नर्स:
ताई, मी मूळची वेंगुर्ल्याची, गोव्यात अशाच पेशंटमध्ये काम करते, स्वतः कॅथलिक आहे म्हणून तुमच्या पापाच्या प्रश्नाला सरळ उत्तर देते. नाही. ज्या उपचाराने फायदा कमी आणि हाल जास्त, तो थांबवायला चर्चची मुभा आहे, कॅथलिक शिकवणुकीच्या ग्रंथात परिच्छेद २२७८ मध्ये हे स्पष्ट लिहिलंय. तिथे म्हटलंय की यात आपण मरण आणत नाही, ते थोपवणं आपल्या हातात नाही एवढंच मान्य करतो. त्याच्या पुढचा २२७९ दुखण्यावरच्या औषधांबद्दल आहे. पोप पायस बारावे यांनी १९५७ मध्येच डॉक्टरांना सांगितलं होतं की वेदना शमवायला अशी औषधं देणं योग्य आहे. त्यामुळे मॉर्फिन दिलं असेल तर घाबरू नका, मॉर्फिनच्या साध्या गोळ्या असतील (हळूहळू सुटणाऱ्या नव्हेत) तर दर ४ तासांनी घड्याळ लावून द्या, दुखायची वाट बघू नका. बद्धकोष्ठता होते, त्याचं औषध सोबत मागून घ्या.

जेवत नाहीत म्हणून जबरदस्ती करू नका, भूक आजारामुळे जाते, तुमच्या प्रेमात काही कमी पडलं म्हणून नाही. पेजेचं पाणी चमचाभर, नाहीतर ओल्या गॉजने ओठ ओले करत राहा.

आता फादरचं. मायना समजावा की रोग्यांचा अभिषेक म्हणजे मरणाची चिठ्ठी नव्हे. पूर्वी तो अगदी शेवटच्या घटकेला द्यायचे म्हणून जुन्या माणसांच्या मनात ती भीती बसलीय, पण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (चर्चची मोठी सभा) १९७२ मध्ये पोप पॉल सहावे यांनी त्याचा विधी बदलला. गंभीर आजार असला की घ्यायचा आणि आजार वाढला तर परत घेता येतो. तुम्ही प्रोटेस्टंट घरातल्या ना, याकोबाच्या पत्राचा ५ वा अध्याय तुम्हालाही माहीत असेल, आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी. तेच हे. उशिरा बोलावू नका, मी कितीदा बघितलंय की फादर येईपर्यंत माणूस शुद्धीत नसतो आणि ज्याला कुमसार (पापकबुली) करायचं होतं ते राहून जातं. ओस्तीचा (मिसमधल्या पवित्र भाकरीचा) लहानसा तुकडाही चालतो, तेही गिळता येत नसेल तर नुसत्या द्राक्षारसाने कोमुन्यांव (प्रभुभोजन) देता येतं. आजाऱ्याला आणि त्याची काळजी घेणाऱ्यालासुद्धा तासभर उपाशी राहायचा नियम लागू नाही, तेव्हा त्याच वेळी घरातल्या कॅथलिकांनीही घ्यावं.

घरी झेपेनासं झालं तर लोटलीला शांती अवेदना सदन आहे, शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सरच्या माणसांसाठी, पैसे घेत नाहीत, सिस्टर असतात. तिथे नेलं म्हणजे टाकलं असं मनात आणू नका.

वसईचा_वास्कोत:
ताई माझी मिसेस ब्रेस्ट कॅन्सरने गेली. वर सगळे बरोबरच सांगतायत पण माझा अनुभव थोडा वेगळा आहे, मी शेवटच्या दिवसापर्यंत बरं कर असंच मागत राहिलो आणि मला त्याचा पस्तावा नाही. बाप आपल्या लेकराचं मागणं ऐकतो की नाही हा त्याचा प्रश्न, मागणं माझं काम. तेव्हा तुम्हाला एखाद्या दिवशी बरं कर म्हणावंसं वाटलं तर म्हणा, दुसऱ्या दिवशी सोडव म्हणावंसं वाटलं तर तेही म्हणा, दोन्ही एकाच तोंडातून निघालं तरी देव गोंधळत नाही. त्या आंट्यांवरही राग धरू नका, त्यांनाही भीती वाटते म्हणून त्या तसं बोलतात, त्यांना काम सांगा. कपडे धुवायला सांगा, मुलांना क्लासला सोडायला सांगा.

पण माझी एक चूक झाली ती तुम्ही करू नका. मी मुलाला शेवटपर्यंत सांगत राहिलो, मम्मी बरी होणार, देव नक्की करणार. तो ११ वर्षांचा होता. ती गेल्यावर त्याने मला विचारलं, पप्पा, देव खोटं बोलला का तुम्ही? माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन वर्षं तो मिसला आला नाही आणि मी जबरदस्ती केली नाही. मग एकदा २ नोव्हेंबरला, अल्मांच्या (मृतात्म्यांच्या) दिवशी, सिमेतरीत (दफनभूमीत) स्वतःहून आला आणि मम्मीच्या फोंडाजवळ (थडग्याजवळ) मेणबत्ती विझू नये म्हणून हात धरून उभा राहिला, वारा खूप होता. तेव्हा मी त्याची माफी मागितली. तुमच्या मुलांना आत्ता खरं सांगा, पप्पा बरे होणार नाहीत, आणि आपण त्यांच्यासाठी रोज प्रार्थना करणार आहोत. दोन्ही वाक्यं एकत्र सांगा.

डिचोलीकर:
मी ख्रिश्चन नाही पण बोलल्याशिवाय राहवत नाही. माझ्या बायकोला बांबोळीच्या हॉस्पिटलात ॲडमिट केलं होतं तेव्हा रोज येता-जाता हायवेच्या बाजूच्या फुलांच्या खुरसाकडे (क्रुसाकडे) थांबायचो, तिथे कोण कुठल्या धर्माचं कोणी विचारत नाही. मला मंत्र येत नव्हता, प्रार्थना येत नव्हती, हात जोडून नुसता उभा राहायचो. उद्या त्या बाजूला जाणार आहे, तुमच्या मिस्टरांसाठी फुलं ठेवतो.

मिरजेची_लेक:
सगळ्यांचे मनापासून आभार, दोन दिवस लिहायला जमलं नाही. होय बाय, जेवते आता, शेजारीण पेज आणि करमाचं लोणचं आणून देते, समोर बसून खायला लावते.

नर्सताईंनी लिहिलेलं मी मायना कोंकणीत करून वाचून दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत, उठून कपाटातून लग्नातला पांढरा टेबलक्लॉथ काढला आणि इस्त्रीला बसल्या. काल विगार (आमच्या चर्चचे फादर) आले. हे घाबरतील घाबरतील म्हणत होतो आणि हेच फादरना म्हणाले, मी कधीपासून वाट बघतोय, पण मायला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. म्हणजे दोघं एकमेकांना सांभाळत गप्प बसले होते आणि मध्ये मी. तेल लावताना मायनेच त्यांचा हात उघडून धरला.

मुलांना सांगितलं. मुलगी म्हणाली मला माहीत होतं मम्मी. मुलगा काही बोलला नाही, रात्री पप्पांच्या खाटेखाली चटई टाकून झोपला, मी उठवलं नाही.

तेर्स आता आम्ही त्यांच्याच खोलीत म्हणतो. माझा आवाज अजून निघत नाही नीट. काल ते मला म्हणाले तुझ्या पप्पांचं ते मराठी भजन म्हण, त्यांना त्यातलं अर्धं कळत नाही तरी. मी दोन कडवी म्हटली, तिसरं आठवेना.

डिचोलीकर दादा, फुलं ठेवलीत हे त्यांना सांगितलं, कुठली ठेवली विचारत होते. सांगा जमलं तर. १० चा डोस द्यायची वेळ झाली, येते.