सेंटर डिफ लेथवर चढवलं आणि गाडी उडायला लागली म्हणे!

स्टेपनी: काल इथे एका महाशयांनी टाकलं, "जुन्या फुल-टाइम फॉर्च्युनरच्या सेंटर डिफची केस लेथवर उतरवली, सव्वा किलो गेलं, पिकअप एकदम दुसऱ्या गाडीसारखा." खाली वाहवाच वाहवा. (नवख्यांसाठी: फुल-टाइम म्हणजे चारही चाकांना कायम ताकद; सेंटर डिफ म्हणजे ती पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा आणि वळताना त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गियरचा संच.) मला झोप लागेना, उठून वही काढली. १.२५ किलो, मध्यापासून ६ सेंमीवर. डिफ चाकाच्या साधारण चौपट वेगाने फिरतं, वेगाचा वर्ग लागतो, म्हणजे १६ पट. चाकाची त्रिज्या ३९ सेंमी. म्हणजे पिकअप घेताना निव्वळ फिरण्यामुळे जे जास्तीचं ओझं कमी झालं ते जेमतेम अर्धा किलो! "फिरतं वजन, फिरतं वजन" म्हणून जे नाचताय ते एवढंच. गाडी दोन टनांची. डिकीतली सतरंजी घरी ठेवली असतीत तरी भागलं असतं.

राजवाडा५२: मीच तो महाशय. वही मिटा आणि गाडीत बसा. पहिल्या गियरमध्ये फरक कळतो. रेशोचा वर्ग होतो, शाळेत शिकवलं नव्हतं?

स्टेपनी: होतो हो, पण फ्लायव्हीलचा, म्हणजे इंजिनला जोडलेल्या जड चाकाचा! ते गियरबॉक्सच्या आधी. डिफ नंतर, त्याला पहिला काय नि पाचवा काय. फ्लायव्हीलच्या कडेचा १ किलो पहिल्या गियरमध्ये कित्येक किलोंसारखा वागतो. तिथे हात घातला असतात तर मान्य केलं असतं. मग आपल्या इंदुरात पलासियाच्या सिग्नलला डिझेल बंद पडून मागचे हॉर्न मारत बसले असते, तो भाग वेगळा.

जुना जिप्सीवाला: आमच्या जिप्सीचं सेंटर डिफ ३० वर्षांत उघडलं नाही. हल्लीच्या पोरांना नाही ती खाज.

टॉर्कताई: काका, जिप्सीत सेंटर डिफ असतंच कुठे? पार्ट-टाइम आहे ती, फोर व्हील लागेल तेव्हाच जोडायचं. म्हणून तर कोरड्या डांबरावर फोर व्हीलमध्ये वळवली की अडखळते.

जुना जिप्सीवाला: तेच म्हणतोय मी. नाही, म्हणूनच उघडलं नाही.

महूकर: हसताय, पण मी भोगलंय. माझ्याही डिफच्या केसला एकाने भोकं पाडून दिली, "हलकं होईल भिया." भोकं समोरासमोर आली नाहीत. ८० च्या पुढे सीट थरथरायला लागली. मला वाटलं टायर, दोनदा बॅलन्सिंग केलं. मग भर पावसात भेरूघाटात खाडकन आवाज, भोकापासून भोकापर्यंत तडा. ट्रॅक्टरने ओढून आणली. विमावाल्याने विचारलं, "हे कंपनीने केलंय?" मी गप्प. गाडीच्या मूळ रचनेत फेरफार नको म्हणणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा सुप्रीम कोर्टाचा २०१९ चा निकाल त्याला तोंडपाठ.

राजवाडा५२: भोकं पाडणं आणि लेथवर उतरवणं यात फरक आहे. तुमचा कारागीर कच्चा, त्यात माझा काय दोष? पिथमपूरला नॅट्रॅक्सच्या टेस्ट ट्रॅकवर नेऊन दाखवतो.

टॉर्कताई: ११.३ किलोमीटरच्या ट्रॅकवर एकसारख्या वेगाने पळताना फिरतं वजन चकार शब्द काढत नाही. वेग बदलला तरच त्याचा हिशोब. त्यासाठी आमच्या कॉलनीत या, ४०० मीटरमध्ये ७ स्पीड ब्रेकर.

महूकर: सातच? आमच्याकडे ज्याच्या घरी लग्न त्याच्या दारात नवा ब्रेकर.

जुना जिप्सीवाला: इंडियन रोड्स काँग्रेसचं ब्रेकरचं माप ३.७ मीटर रुंद, १० सेंमी उंच. इथे वीतभर रुंद आणि गुडघ्याएवढे. माझी कवळी निसटली परवा.

टॉर्कताई: शहर स्वच्छतेत वर्षानुवर्षं पहिलं आलं म्हणून मिरवायचं, आणि कॉलनीत रात्री सिमेंटची पाटी ओतणाऱ्याला कोणी विचारत नाही!

स्टेपनी: विषय काय, चाललंय काय?

राजवाडा५२: विषयच चाललाय! दर ५०-६० मीटरला ब्रेक आणि पुन्हा पिकअप. मग हलकं डिफ इथे नाही तर कुठे कामाला येणार?

स्टेपनी: ...बरं. तेवढ्यापुरतं बरोबर. पण दर ब्रेकरला वाचणार ते मूळच्या सव्वा किलोसकट पावणेदोनच किलो. टायरच्या कडेचा प्रत्येक किलो जवळजवळ दोन किलोंसारखा जड पडतो. आणि साहेबांनी प्रोफाइल फोटोत केवढे रुंद टायर चढवलेत बघा. एका टायरमागे ३ किलो वाढले असतील तर चारांचे १२, म्हणजे २४ च्या घरात. लेथवाल्याला किती दिले होतेत?

राजवाडा५२: ते नाही सांगणार. टायर बायकोच्या भावाने दिलेत, काढता येत नाहीत.