‘बॅटलशिप’ला मराठीत काय म्हणावे? युद्धनौका, रणनौका की आणखी काही?

प्रश्न

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या महिन्यांवर मराठीत लिहितो आहे. एप्रिल १९४५ मध्ये ‘यामातो’ ही जपानी बॅटलशिप ओकिनावाकडे शेवटच्या मोहिमेवर निघाली, तेव्हा तिच्याबरोबर ‘याहागी’ ही क्रूझर (बॅटलशिपहून लहान युद्धनौका) आणि आठ विनाशिका (डिस्ट्रॉयर) होत्या. माझे वाक्य असे झाले : ‘एक युद्धनौका, एक क्रूझर आणि आठ विनाशिका अशा एकूण दहा युद्धनौका’. वाचणारा म्हणेल, आधी एक होती, मग दहा कुठून आल्या? बॅटलशिपसाठी वेगळा मराठी शब्द रूढ आहे का?

प्रतिसाद

युद्धनौका. पेपरात तेच छापतात.

प्रतिसाद

अहो, पेपरात सगळ्यालाच युद्धनौका म्हणतात, तीच तर अडचण आहे. १५ जानेवारी २०२५ ला मुंबईत सुरत, निलगिरी आणि वाघशीर नौदलात दाखल झाल्या. सुरत विनाशिका, निलगिरी फ्रिगेट, वाघशीर पाणबुडी. विक्रांत तर विमानवाहू. या चारही युद्धनौका आहेतच, पण बॅटलशिप यांतली एकही नाही. भारतीय नौदलाकडे बॅटलशिप कधीच नव्हती.

युद्धनौका हे जातीचे नाव झाले, बॅटलशिप हा त्यातला एक प्रकार. जर्मन आणि जपानी भाषांनी हा फरक शब्दातच ठेवला आहे. जपानीत कोणतीही युद्धनौका म्हणजे ‘गुनकान’ आणि बॅटलशिप म्हणजे ‘सेनकान’. जर्मनमध्ये पहिलीला ‘क्रीग्सशिफ’, दुसरीला ‘श्लाख्टशिफ’. क्रीग म्हणजे युद्ध, श्लाख्ट म्हणजे लढाई. इंग्रजीतही वॉर आणि बॅटल वेगळे आहेत. आपण दोन्हींना ‘युद्ध’ लावून मोकळे झालो.

प्रतिसाद

शब्द ठरवण्याआधी वस्तू काय आहे ते पाहू या, कारण ‘बॅटल’ने खरा अर्थ कळत नाही.

शिडाच्या जहाजांच्या काळात तोफा दोन्ही कुशींवर ओळीने बसवलेल्या असत, त्यामुळे पुढे किंवा मागे मारा जवळजवळ करताच येत नसे. म्हणून ताफा एकामागे एक अशी रांग धरून चाले आणि सगळ्यांची कूस एकदम शत्रूकडे वळे. या रांगेत एक जरी दुबळे जहाज असले तरी रांग तिथेच तुटायची. मग ज्याला रांगेत उभे करता येईल एवढे दणकट आणि एवढ्या तोफांचे जहाज, त्याला ‘लढाईच्या रांगेतले जहाज’ म्हणू लागले. ते लांबलचक नाव झिजून बॅटलशिप उरले. रशियनने ‘रांग’ सोडली नाही. त्यांच्याकडे आजही बॅटलशिप म्हणजे ‘लिंकोर’, अर्थात ‘रांगेतले जहाज’ याचा संक्षेप. फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज मंडळींनी रांग सोडून चिलखत धरले : फ्रेंच ‘क्युइरासे’, स्पॅनिश ‘आकोरासादो’.

अशी रांगेतली जहाजे आपल्या मुंबईच्या गोदीत बांधली गेली आहेत. वाडिया घराण्याने मलबारी सागवानात बांधलेली ७४ तोफांची ‘मिंडेन’ १८१० मध्ये पाण्यात उतरली. ब्रिटिश आरमारासाठी ब्रिटनबाहेर बांधलेले हे रांगेतले पहिले जहाज. मुंबईचीच ‘एशिया’ १८२७ च्या नव्हारिनोच्या लढाईत ब्रिटिश सेनापतीची ध्वजनौका होती. आणि ‘कॉर्नवॉलिस’वर १८४२ मध्ये पहिल्या अफू युद्धाचा शेवट करणारा नानकिंगचा तह झाला. म्हणजे बॅटलशिपची आजी मुंबईकर होती, आणि तिच्या नातीला काय हाक मारायची ते आपल्याला ठाऊक नाही!

पुढे वाफ आली, लोखंड आणि पोलाद आले, तोफा कुशीवरून उठून फिरत्या बुरुजांत गेल्या. १९०६ ला ब्रिटनने ‘ड्रेडनॉट’ आणली. तोवरच्या बॅटलशिपवर चार मोठ्या तोफा आणि बाकी लहानमोठ्यांची भेळ असे. लांबून मारा करताना पाण्यात उडालेले फवारे पाहून नेम सुधारायचा, आणि कोणता फवारा कोणत्या तोफेचा तेच कळायचे नाही. ड्रेडनॉटवर १२ इंची तोफा दहा, सगळ्या एकाच मापाच्या. शिवाय वाफेची टर्बाइन, वेग २१ नॉट, म्हणजे ताशी २१ सागरी मैल. तिच्यामुळे आधीच्या सगळ्या बॅटलशिप एका दिवसात जुन्या झाल्या, ब्रिटनच्या स्वतःच्यासुद्धा. नाव इतके गाजले की तेच पुढे प्रकाराचे नाव झाले.

तेव्हा व्याख्या करायची तर अशी : सर्वांत मोठ्या तोफा, आणि तशाच तोफांचा मार झेलू शकेल एवढे जाड चिलखत. दोन्ही अटी हव्यात. ‘यामातो’च्या नऊ तोफांच्या तोंडाचा व्यास ४६ सेंटिमीटर, एक गोळा जवळजवळ दीड टनाचा, पल्ला ४० किलोमीटरच्या वर. कुशीचे चिलखत ४१ सेंटिमीटर जाड. एकेका बुरुजाचे वजन सुमारे अडीच हजार टन, म्हणजे त्या वेळच्या एका विनाशिकेएवढे. चिलखताची अट सोडली आणि तोफा तशाच ठेवून वेग वाढवला की ती होते बॅटलक्रूझर. ३१ मे १९१६ ला, पहिल्या महायुद्धातल्या जटलंडच्या नाविक लढाईत, ब्रिटनच्या अशा तीन नौका स्फोट होऊन गेल्या.

प्रतिसाद

वरच्या व्याख्येवरून जाणवले, आपला ‘विनाशिका’ हा शब्दही फसवा आहे. ऐकायला युद्धनौकेपेक्षा विनाशिका भयंकर वाटते. प्रत्यक्षात ती यामातोच्या मानाने चिमुकली. मूळ नाव ‘टॉर्पेडो बोटींची विनाशिका’ असे होते. १८९० च्या दशकात लहान, वेगवान टॉर्पेडो बोटी मोठ्या जहाजांना धोका ठरू लागल्या, त्यांना टिपायला ही नौका निघाली. पुढे इंग्रजीने कशाचा विनाश ते गाळले, आणि आपण उरलेल्याचा अनुवाद केला. आता तो रूढ झाला आहे, बदलू नये.

प्रतिसाद

मी ‘रणनौका’ सुचवतो. टँकला रणगाडा म्हणतोच ना? तोही चिलखती, त्यालाही फिरता बुरूज आणि तोफ. रणगाडा तसा रणनौका. शब्द लहान आहे, समजावून सांगावा लागत नाही. आपल्या आरमारात गुराब, गलबत, पाल, शिबाड, मचवा अशी एकेका घाटाच्या जहाजाला वेगळी नावे होती. तो बारकावा आपण का सोडायचा?

प्रतिसाद

रणगाड्याशी तुलना छान, पण ‘रण’ आणि ‘युद्ध’ यांत वाचकाला फरक दिसणार नाही. रणनौका म्हणजे युद्धनौकाच, जरा वीरश्रीने म्हटलेली, असेच तो समजेल. ‘चिलखती युद्धनौका’ म्हणावे तर क्रूझरलाही चिलखत असे. ‘महायुद्धनौका’ नको, ती महायुद्धातली नौका वाटते.

आणि गुराब म्हणाल तर तो अरबीतून आला, आरमार पोर्तुगीजांकडून. दर्यावर्दी माणसाने परका शब्द घ्यायला कधी लाज बाळगली नाही. क्रूझर, फ्रिगेट, कॉर्व्हेट आपण तसेच लिहितो, मग एकट्या बॅटलशिपचेच सोवळे कशाला? शिवाय गेल्या सत्तर वर्षांत जगात नवी बॅटलशिप बांधून पूर्ण झालेली नाही. अमेरिकेच्या ‘मिसुरी’ आणि ‘विस्कॉन्सिन’ १९९१ च्या आखाती युद्धात तोफा डागून निवृत्त झाल्या, तो शेवट. रोज तोंडात येणाऱ्या वस्तूला घडवलेला शब्द वापराने रुळतो. फक्त इतिहासात भेटणाऱ्या वस्तूला तो रुळायला जागाच मिळत नाही. लेखात बॅटलशिप लिहा, पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात अर्थ द्या, आणि युद्धनौका सर्वसामान्य नाव म्हणून मोकळी ठेवा.

प्रतिसाद

‘पॉकेट बॅटलशिप’चे काय करणार? खिशातली युद्धनौका? :)

प्रतिसाद

तेही तसेच ठेवावे. ‘ग्राफ श्पे’ला जर्मन लोक नुसते ‘चिलखती जहाज’ म्हणत. पॉकेट बॅटलशिप हे ब्रिटिश वर्तमानपत्रांनी ठेवलेले नाव : तोफा सहाच, पण ११ इंची. डिसेंबर १९३९ मध्ये तिला तीन क्रूझरनी मिळून उरुग्वेतल्या माँटेव्हिडिओच्या बंदरात पळवले, आणि तिच्याच कप्तानाने तिला बाहेर नेऊन बुडवले. त्या तिघींतली ‘अकिलीज’ १९४८ मध्ये आपण घेतली, तीच भारतीय नौदलाची पहिली ‘दिल्ली’. तिला मराठीत कुणी बॅटलशिप म्हटले तर मात्र टोका; ती सहा इंची तोफांची क्रूझर.

प्रश्नकर्ता

आभार. बॅटलशिपच लिहितो. आता लिंगाचे सांगा. जर्मन बॅटलशिप ‘बिस्मार्क’बद्दल लिहिताना ‘बिस्मार्क बुडाली’, ‘बुडाला’ की ‘बुडाले’?

प्रतिसाद

बुडाली. मनात नौका असते, म्हणून ‘विक्रांत दाखल झाली’ म्हणतो, नाव पुरुषी असले तरी. जहाज शब्द वाक्यात असेल तर ‘बिस्मार्क हे जहाज बुडाले’. गंमत अशी की जर्मनमध्येही जहाजांची नावे स्त्रीलिंगीच, पण बिस्मार्कच्या कप्तानाला, लिंडेमानला, एवढ्या ताकदीच्या जहाजाला ‘ती’ म्हणणे पटत नसे. तो आपल्या माणसांना ‘तो’ म्हणायला लावी. मराठीत ‘तो’ लिहिलात तर १८९८ सालीच वारलेला जर्मन चान्सेलर बिस्मार्क १९४१ मध्ये अटलांटिकात बुडाल्यासारखे वाचले जाईल.