सणासुदीला तुंबलेली मोरी : तुमच्या फजित्या सांगा

चकलीताई, कोथरूड

गेल्या दिवाळीत धनत्रयोदशीच्या रात्री साडेनऊ वाजता आमचं सिंक तुंबलं. घरात अकरा माणसं, कढईत चकलीचा शेवटचा घाणा आणि सिंकमध्ये काठोकाठ पाणी. वर तेलाचा तवंग, त्यात तरंगणारी कढीपत्त्याची एक काडी. नेहमीच्या प्लंबरला फोन केला. तो ओडिशातल्या केंद्रपाडा जिल्ह्याचा. तिकडचे, विशेषतः पट्टामुंडईचे प्लंबर देशभर पसरलेत, हे मला त्यानेच कधीतरी सांगितलं होतं. तर तो गाडीत बसलेला, गावी निघालेला. "भाभी, नीचे का बोतल घुमाके निकालो," एवढं बोलला आणि रेंज गेली.

दिरांनी सिंकखालचा बॉटल ट्रॅप (गाळ अडवणारं बाटलीसारखं भांडं) हाताने फिरवून काढला. खाली बादली ठेवायची हे कुणालाच सुचलं नाही, त्यामुळे आधी सगळ्यांचे पाय धुतले गेले. ट्रॅपमध्ये निघाला साबणाच्या वडीएवढा पिवळट गोळा. करंज्यांचं तूप, शंकरपाळ्यांचा डालडा आणि त्यात रुतलेलं भाजणीचं पीठ. चूक माझीच. कढई कडकडीत पाण्याने धुतली की तूप वाहून जातं, असं मी वर्षानुवर्षं धरून चालले होते. वाहून जातं खरं, पण दोन हात पुढे जाऊन थंड होतं आणि तिथेच बसतं.

यंदा फराळ पुन्हा आमच्याकडेच आहे. त्याआधी तुमचं काय बिघडलं आणि आता सणापूर्वी तुम्ही नेमकं काय करता, ते लिहा.

तळमजला, डोंबिवली

माझे हात शिवशिवतच होते. चार मजली इमारतीत मी तळाला राहतो. वरच्या बिऱ्हाडांचा फराळ मला न बोलावता कळतो. सगळ्यांच्या सिंकचा उभा पाईप एकच, आणि तो खाली चेंबरकडे वळतो तिथे गच्च झाला की पाणी सगळ्यात खालच्या तोंडातून वर येतं. म्हणजे माझ्या मोरीतून. भाऊबीजेला मी पाटावर बसलेलो, ताई ओवाळतेय, आणि मागे मोरीत गुळगुळ गुळगुळ. उठायची सोय नाही. ओवाळणी टाकून धावलो तर जाळीवर शेवेचे तुकडे. आमच्याकडे शेव केलीच नव्हती!

आता नवरात्र संपलं की सोसायटीच्या मागे लागून चेंबर उघडून साफ करून घेतो. सेक्रेटरी दरवर्षी म्हणतात, "काका, अजून तुंबलंय कुठे?"

अभ्यंगस्नान

नरकचतुर्दशीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. पहाटे चार ते सहा, नऊ आंघोळी, प्रत्येकाला तेल आणि उटणं. उटणं म्हणजे भरडच की, त्यात तेल आणि गळलेले केस. सातव्या आंघोळीला पाणी घोट्यापर्यंत. आता नहाणीच्या जाळीवर जुन्या ओढणीचा तुकडा अंथरते आणि दर दोन माणसांनंतर झटकते. बाकी काही करत नाही.

आंगणे_वाडी_नव्हे

आमचं घर गुहागरकडे. वर्षभर बंद, उघडतं ते गणपतीला. २०२४ ला गणपती ७ सप्टेंबरला होते, आम्ही ५ तारखेच्या रात्री पोचलो. पाच गाड्या, तेवीस माणसं.

मोटर लावली, तर नुसता घुं आवाज, पाणी नाही. विहीर पावसाने तोंडापर्यंत भरलेली, हाताने घागर बुडेल इतकी, आणि नळाला थेंब नाही. फुटव्हॉल्वचा (विहिरीतल्या पाईपाच्या तळाशी असलेल्या, पाणी परत उतरू न देणाऱ्या झडपेचा) वॉशर वर्षभरात कडक झाला होता, त्यामुळे पाईपातलं पाणी उतरून गेलेलं. काकांनी कळशीने मोटरमध्ये पाणी ओतलं, आम्ही बटण दाबलं, पुन्हा ओतलं. तिसऱ्या खेपेला नळ खोकला, आधी गंजकं पाणी आलं, मग बेडकाचं पिल्लू, मग स्वच्छ पाणी. पोरांनी टाळ्या वाजवल्या. या सगळ्यात मोटर बराच वेळ कोरडी फिरली असती तर तिचं सील गेलं असतं, आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी गुहागरात मोटरवाला शोधत बसलो असतो.

खरा घोळ चतुर्थीच्या दिवशी. दुपारी आरतीनंतर संडासाचं पाणी खाली जाईना. सगळ्यांना वाटलं, कुणीतरी काहीतरी टाकलं. गावातल्या गवंडीदादांना बोलावलं. ते मागच्या अंगणात उभे राहिले, शोषखड्ड्याच्या (सेप्टिक टाकीतलं पाणी जमिनीत मुरतं त्या खड्ड्याच्या) झाकणावर पाय आपटला आणि म्हणाले, "तुंबला नाय हो. भरलाय. पावसात जमीनच भरलीय तर पाणी जाईल खंय?"

मग त्यांनी विचारलं, आंघोळीचं पाणी कुठे सोडलंय? तेही सेप्टिक टाकीतच. आणि मला लाज वाटली, कारण ते काम माझं होतं. आजीच्या वेळी न्हाणीघराचं पाणी मागे केळी आणि अळवाला जायचं. मी २०१९ ला घर दुरुस्त करताना 'नीटनेटकं' दिसावं म्हणून सगळे पाईप एकत्र करून टाकीला जोडले. तेवीस माणसांच्या आंघोळींचं पाणी, ऐन पावसात, त्या एका खड्ड्यात. गवंडीदादांनी तासाभरात न्हाणीचा पाईप कापून चर खणला आणि पाणी पुन्हा केळीकडे वळवलं. संध्याकाळपर्यंत संडास थोडा थोडा चालू झाला. तोवर तेवीस माणसं शेजारच्यांकडे रांगेत. शेजारच्या काकूंनी अजून ते विसरू दिलेलं नाही.

आता आमच्यातला एक जण आठ दिवस आधी जातो. फुटव्हॉल्व बघतो, टाकी धुतो, उंदराने पाईप कुरतडलाय का पाहतो. सेप्टिक टाकीचा गाळ मे महिन्यातच काढून घेतो, पावसात काढायला गाडी अंगणात येत नाही.

मिनेसोटाकर

आमची फजिती थंड आहे. डिसेंबरच्या सुट्टीत चार आठवडे पुण्याला आलो. गॅसचं बिल वाचवायला घराच्या हीटरचा थर्मोस्टॅट ४५ फॅरनहाइटवर, म्हणजे साधारण ७ सेल्सिअसवर. बाहेरच्या भिंतीतून जाणारा सिंकचा पाईप गोठला. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, तांब्याचा पाईप कुठवर तग धरणार? गोठलेला असेपर्यंत गळत नाही, ही त्यातली खरी मेख. थंडी ओसरली आणि स्वयंपाकघरात धबधबा. शेजाऱ्याला गॅरेजच्या दाराखालून बर्फाची जीभ बाहेर आलेली दिसली, तेव्हा आम्हाला कळलं.

आता निघताना मेन व्हॉल्व बंद, मग नळ उघडून पाईप रिकामे, सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी आणि थर्मोस्टॅट ५५ च्या खाली नाही.

जाता जाता: थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरातला मोठ्या जेवणाचा सण) दुसऱ्या दिवसाला इथले प्लंबर 'ब्राउन फ्रायडे' म्हणतात, इतकी कामं येतात. आमच्या दिवाळी पार्टीला कुणी नाव दिलं नाही अजून, पण साठ बटाटेवड्यांची सालं एकाच वेळी सिंकखालच्या खरकटं दळायच्या चक्कीत घालून आम्ही पात्रता मिळवलीय.

फिटरची_मुलगी

बाबा तीस वर्षं प्लंबिंग करायचे. आमच्याकडे लक्ष्मीपूजन कधी वेळेवर झालं नाही, फोन वाजायचाच.

कढईबद्दल: उरलेलं तूप-तेल गार होऊ दे, जुन्या दुधाच्या पिशवीत ओत, कढई आधी रद्दी पेपरने पूस आणि मगच धू. पिठाचे हात थेट नळाखाली धुवू नका, मोदकाची उकड तर अजिबात नाही. पाईपात ती खळीसारखी चिकटते. सोडा आणि व्हिनेगरचा फेस बघायला छान, पण तुपाच्या गोळ्याला काही होत नाही. रबरी हातपंपाने दहा-बारा दणके द्या, सिंकला दुसरं तोंड असेल तर ते ओल्या फडक्याने दाबून धरा, नाहीतर नुसती हवा जाते.

आणि हे ओरडून सांगते. मोरी मोकळी करायची एक पावडर टाकली, काम झालं नाही, म्हणून वर ॲसिड ओतू नका. बाबांच्या हातावर त्याचा डाग होता, कुणीतरी न सांगता आधी तसलीच कॉस्टिक पावडर ओतून ठेवलेली. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आलं तर क्लोरीन सुटतो, बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो.

अजून एक. सिंकखालचा, गीझरचा, फ्लशचा असे सगळे अँगल कॉक (पाणी बंद करायचे छोटे नळ) महिन्या-दोन महिन्यांनी एकदा बंद करून उघडत जा. क्षार बसून ते जाम होतात, आणि मग नेमके लागतील तेव्हा फिरत नाहीत. न फिरलेल्या कॉकवर जोर लावू नका. आतला दांडा, म्हणजे स्पिंडल, हातात येतो.

पेठेतला_भाडेकरू, सोलापूर

आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांआड येतं. दिवाळीला गावी निघालो तेव्हा नळ कोरडा होता. बायकोने उघडून पाहिला, पाणी नाही म्हणून तसाच सोडला. खाली बेसिनमध्ये कपड्याचा बोळा. पाणी आलं मध्यरात्री. पाडव्याला घरमालकांचा फोन: "अहो, तुमच्या दाराखालून गंगा आलीय." दिवाणाखालची लग्नाच्या अल्बमची पेटी तरंगत होती. बायको म्हणते नळ मीच उघडा ठेवला. या विषयावर इथे चर्चा नको.

शाडू

घरीच बादलीत विसर्जन करता ना? बादली मोरीत रिकामी करू नका. मी केली. शाडू वरून गढूळ पाणीच दिसतं, पण ट्रॅपमध्ये तळाला बसून विटेसारखी घट्ट होते. पाणी दोन दिवस निवळू द्या, वरचं झाडांना, खालची माती वाळवून पुढच्या वर्षीच्या मूर्तीला. मूर्ती पीओपीची असेल तर ती विरघळवायची पुण्याच्या एनसीएलने (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने) शोधलेली अमोनियम बायकार्बोनेटची पद्धत आहे, पण त्याचाही तळाला चुनखडीसारखा गाळ उरतो. तोही मोरीत नको. रांगोळीचं तेच, तीही दगडाची पूडच. झाडूने भरा, धुऊ नका.

गच्चीवरचा

तीनशे रुपयांत सुटलेला प्रश्न: गच्चीवर टाकीचे सहा व्हॉल्व, कुठला कुणाचा कुणालाच माहीत नाही. एका रविवारी एकेक बंद केला, खालून मुलगा मोबाईलवर ओरडत होता, "आजोबांचा गेला!" प्रत्येकावर ऑइलपेंटने फ्लॅट नंबर लिहिला. दोन शेजाऱ्यांच्या डोक्यात तेव्हा शाम्पू होता, त्यांनी अजून माफ केलेलं नाही.

चकलीताई, कोथरूड

सगळ्यांचे आभार. शेवेच्या तुकड्यांवर खूप हसले, मग आठवलं की आमच्याखालीही कुणीतरी राहतं. फिटरच्या मुलीचं वाचून आत्ता सिंकखालचा कॉक फिरवून पाहिला. फिरत नाहीये.

फिटरची_मुलगी

जोर लावू नका.

चकलीताई, कोथरूड

लावला. गच्चीवर चार व्हॉल्व आहेत, स्वयंपाकघराचा कुठला असतो साधारण?

गच्चीवरचा

चारही बंद करा. मग बोलू.