सकाळच्या पहिल्या सेल्फला खडखड: आधी मोजायचं की थेट चेन बदलायची?

गोदाकाठ (नाशिक)

गाडी २०१२ ची, १.३ लिटर डिझेल, १ लाख ६४ हजार किलोमीटर झालेत. थंडी पडल्यापासून सकाळी सेल्फ मारला की पहिले दोनेक सेकंद खडखड होते, पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखी. ती थांबते न थांबते तोच जड टकटक सुरू. ही पाऊण-एक मिनिट टिकते, सोबत पांढरट धूर, मग गाडी गपगार. दिवसभर परत काही नाही.

ओळखीच्या गॅरेजात दुपारी घेऊन गेलो. इंजिन अर्थातच गरम. मिस्त्रींनी बोनेट उघडलं, रेस देऊन बघितली, माझं वर्णन ऐकलं आणि म्हणाले, टायमिंग चेन (इंजिनाच्या झडपा म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ राखणारी साखळी) गेली, किट टाकून घ्या, १८ हजार. मी नको म्हणून परत आलो. जो आवाज दुपारी होतच नाही, त्याचं निदान दुपारी कसं होणार? गाडी रात्रभर गॅरेजात उभी करून सकाळी पहिला सेल्फ त्यांच्यासमोर मारला पाहिजे, आणि साध्या तपासण्या संपल्याशिवाय इंजिनाला हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे. तुमचं काय?

पाना १३

मत चुकीचं आहे, आणि महागात जाईल. तुम्हीच लिहिलंय की पहिले दोन सेकंद खडखड. टायमिंग चेनचा टेन्शनर, म्हणजे ती ताणून धरणारा भाग, ऑइलच्या दाबावर चालतो. रात्रभरात ऑइल खाली उतरतं, सकाळी दाब येईपर्यंत चेन ढिली असते आणि तिला वाट दाखवणाऱ्या पट्टीवर, गाईडवर, आपटते. दाब आला की ताणली जाते, आवाज बंद. दीड लाखाच्या पुढच्या गाडीत हे लक्षण दिसलं तर वेगळं काय शोधायचं? चेनने दात सोडले की व्हॉल्व्ह पिस्टनवर बसू शकतात. मग हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवा, व्हॉल्व्ह बदला, कधी पिस्टनही. तुमच्या मिस्त्रींनी दुपारी ऐकलं असेल, पण बरोबर सांगितलं.

थंड सकाळ

पाना, तुम्ही अर्धीच पोस्ट वाचलीत. दोन सेकंदांनंतरच्या पाऊण मिनिटाचं काय? ऑइलचा दाब आल्यावर चेन बोलत नाही. पांढरा धूर आणि जड टकटक, हा ज्वलनाचा आवाज आहे.

डिझेलला स्पार्क प्लग नसतो. दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर डिझेल पेटतं, तेही उडाल्या-उडाल्या नाही, क्षणभर थांबून. इंजिन थंड असलं की हे थांबणं लांबतं, तेवढ्या वेळात साचलेलं डिझेल एकदम भडकतं आणि टक्क वाजतं. ते टाळायलाच प्रत्येक सिलिंडरला आतून तापवणारे हीटर प्लग असतात. डॅशबोर्डवरचा पिवळा वेटोळ्याचा दिवा विझला म्हणजे त्यांचं काम संपलं असं नाही. बऱ्याच गाड्यांत इंजिन चालू झाल्यावरही ते काही काळ तापत राहतात, धूर आणि आवाज कमी व्हावा म्हणून. चारातले एक-दोन मेले तरी आपल्याकडे गाडी चालू होते, म्हणून कुणी बघत नाही. चालू होणं आणि नीट पेटणं यात फरक आहे.

साधी चाचणी: दोनदा चावी फिरवा, दोन्ही वेळा दिवा विझू द्या, मग सेल्फ मारा.

पाना १३

मेलेल्या प्लगला दोनदा चावी फिरवून काय होणार? तो दहा वेळा फिरवली तरी थंडच. या चाचणीने फरक पडला नाही म्हणून लोक प्लग चांगले आहेत असं धरून चालतात.

थंड सकाळ

हे मान्य. चाचणी अर्धवट होती. मग मल्टिमीटर लावा. थंड इंजिनावर प्लगची वायर काढायची, एक टोक प्लगच्या खिळीला, दुसरं इंजिन ब्लॉकला. चांगला प्लग साधारण एक ओहम किंवा त्याच्याही खाली दाखवतो. मेलेला काहीच दाखवत नाही, तार तुटल्यासारखा. चार प्लगला दहा मिनिटं लागतात.

वंगण

ऑइल कुठलं आहे ते कुणी विचारलंच नाही. बाहेरच्या गॅरेजात सर्रास १५डब्ल्यू-४० ओततात (डब्ल्यूआधीचा आकडा थंडीतल्या जाडपणाचा, जितका लहान तितकं थंडीत पातळ). या इंजिनांना पातळ ऑइल लागतं, जाड ऑइल टेन्शनरपर्यंत पोचायला वेळ घेतं. आधी ५डब्ल्यू-३० भरा, नवा फिल्टर टाका. फिल्टरकडे ऑइल परत उतरू न देणारी झडप असते, ती कडक झाली तरी हीच खडखड येते. दीड-दोन हजारांत बरीचशी शंका मिटेल.

घाटवाट (सातारा)

१५डब्ल्यू ऑइलची थंडीतली चाचणी उणे २० अंशांवर होते आणि ५डब्ल्यूची उणे ३० वर. नाशकात पहाटे ८-१० अंश असतात. तिथे १५डब्ल्यू गोठून बसतं असं समजू नका. पुस्तिकेत लिहिलंय तेच भरावं हे खरं, पण ऑइल पातळ करून आवाज दाबला म्हणजे चेन बरी झाली असं होत नाही. मला भीती याचीच वाटते. आवाज गेला की माणूस निश्चिंत होतो आणि पुढच्या कसारा घाटात चेन सोडते.

आणि डिपस्टिक बघितलीत का? पातळी खालच्या खुणेला असेल तर बाकीची चर्चा नंतर.

गोदाकाठ

डिपस्टिकवर पातळी दोन खुणांच्या मध्याच्या वर आहे. ऑइल १५डब्ल्यू-४०, गेल्या सर्व्हिसला भरलेलं, सात हजार किलोमीटर झाले. पाना, एक विचारतो: चेनच असेल तर मे महिन्यात आवाज का नव्हता?

पाना १३

उन्हाळ्यात ऑइल पातळ, दाब लवकर येतो. अर्ध्या सेकंदाची खडखड सेल्फच्या आवाजात लपते. नव्हता असं नाही, ऐकू आला नाही. तीस वर्षं हात काळे केलेला माणूस चेन म्हणतो तेव्हा त्याला मल्टिमीटर दाखवायला जाऊ नये.

थंड सकाळ

अनुभवाचा मान ठेवूनच म्हणतो, मिस्त्रींच्या त्या कानांना सकाळचा आवाज ऐकू द्या. फोन बोनेटजवळ ठेवून रेकॉर्ड करा. खडखड किती सेकंद, टकटक कधी सुरू, कधी बंद. क्लच पूर्ण दाबल्यावर आवाज बदलला तर फ्लायव्हील किंवा गिअरबॉक्सकडे बघायचं. इंजेक्टरच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाच्या) बुडाशी डांबरासारखं काळं साचून फसफस येत असेल तर तांब्याचा वायसर गेला. एक विनंती मात्र हात जोडून: जुन्या पंपाच्या गाडीत डिझेलचा पाइप ढिला करून सिलिंडर तपासायचे, तसं कॉमन रेलवर (सगळ्या इंजेक्टरना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या इंजिनावर) कधीही करू नका. त्या पाइपात दाब हजार बारच्याही वर जातो, धार कातडी फाडून आत जाते. स्कॅनर लावून इंजेक्टरचे करेक्शनचे आकडे (कुठल्या सिलिंडरला कॉम्प्युटर डिझेल कमी-जास्त करतोय ते) बघा.

गोदाकाठ

रविवारी पहाटे साडेसहाला केलं सगळं. रेकॉर्डिंगमध्ये खडखड दीड ते दोन सेकंद, टकटक ४८ सेकंद. क्लचने काही फरक नाही. प्लग मोजले: पहिला ०.८, दुसरा काही नाही, तिसरा ०.९, चौथा काही नाही. दोन मेलेले.

काढताना मात्र हात थरथरत होते. प्लग आतच मोडला तर हेड उतरवायची वेळ येते. आदल्या रात्री बुडाशी गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं होतं. इंजिन गरम केलं आणि पाव-पाव आटा पुढे-मागे करत दोन्ही काढले. चौथ्याला अर्धा तास लागला. मग बाकीचे दोनही काढून चारही नवे टाकले. आज सकाळी ९ अंशांत धूर नाही, टकटक सात-आठ सेकंदांत संपली.

पण पहिल्या दोन सेकंदांची खडखड जशीच्या तशी आहे.

पाना १३

तेच सांगत होतो.

थंड सकाळ

दोन आवाज होते, पाना. चेन बदलून गाडी घरी आली असती, सकाळी तशीच टकटकली असती, आणि पुढचा अंदाज इंजेक्टरचा निघाला असता. आता चेन उघडायला माझी हरकत नाही.

वंगण

उघडताच आहात तर ऑइल पंपाची जाळीही बघा. चिकटा साचला असेल तर नव्या चेनलाही दाब उशिराच मिळेल.

गोदाकाठ

बुधवारी देतोय. गाडी मंगळवारी रात्रीच गॅरेजात उभी करणार, मिस्त्री सकाळी सातला येऊन पहिला सेल्फ स्वतः मारणार आहेत. जुना टेन्शनर, गाईड आणि चेन फेकायची नाही असं सांगून ठेवलंय. नवी चेन शेजारी ठेवून किती लांबलीय ते मोजून इथेच टाकतो.